जमिनीत मुरलेला पारा

बाबा सोनार होते. कट्टा गावच्या बाजारात एसटी थांब्याच्या मागे आमचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथल्या कपाटाच्या खालच्या फळीवर शाईच्या दौतीएवढी एक काचेची बाटली असायची. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा ती उचलायला गेले. दौतीएवढ्या बाटलीला लागेल एवढाच जोर लावला, आणि ती जागची उचललीच गेली नाही. कुणीतरी फळीला चिकटवून ठेवलीय असं वाटून मी मागे सरकले. बाबा हसले. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, चिनीमातीच्या वाटीत थोडा पारा ओतला आणि त्यात एक लोखंडी खिळा टाकला. खिळा पाण्यावर काटकी तरंगावी तसा वर राहिला. मग चिमट्याने त्यांनी सोन्याचा एक बारीक कण सोडला. तो खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"खिळो तरंगता आणि सोना बुडता," बाबा म्हणाले. "कित्याक, ता तुझ्या बाईंका इचार."

शाळेत बाईंनी सांगितलं की पारा जड असतो म्हणून. पण तो जड का असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मी पुढे विज्ञान घेतलं त्यामागे बाकीची कारणं असतीलच, पण उत्तराचा हा न मिळालेला अर्धा भागही त्यात होता.

आज मी मालवणात एका शाळेत विज्ञान शिकवते. घनतेचा धडा आला की मी वर्गात एक उंच काचेचं नळकांडं घेऊन जाते. तळाशी मध, त्यावर मीठ घातलेलं कोकमाचं आगळ, त्यावर पाणी, सगळ्यात वर खोबरेल. एकावर एक थर उभे राहतात. मुलं पहिल्यांदा हमखास चुकतात. त्यांना वाटतं, जे घट्ट ते जड. मग मी सांगते की तेल पाण्यापेक्षा घट्ट असूनही वर राहतं. ओतायला वेळ लागणं वेगळं आणि जड असणं वेगळं. एक लिटर पाणी एक किलो भरतं. मध दीड किलोच्या थोडा आत. आणि तेवढाच पारा साडेतेरा किलोच्या वर. वितळलेलं सोनं याहूनही जड, पण ते भट्टीत. आपल्या खोलीत, आपल्या हवेत जे द्रव राहतात त्यात पाऱ्याच्या वर कुणी नाही.

का, याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं होतं. पाऱ्याच्या अणूच्या पोटात ऐंशी प्रोटॉन आणि त्याहून कितीतरी जास्त न्यूट्रॉन ठासून भरलेले असतात. लोखंडाच्या अणूच्या साडेतीनपट वजन, पण जागा मात्र साडेतीनपट घेत नाही. एवढं वजन एवढ्याशा जागेत, आणि असे अणू एकमेकांना खेटून बसलेले. सोनं त्याचं सख्खं शेजारी, एका प्रोटॉननेच कमी. तरीही सोनं घन आणि पारा पातळ, कारण पाऱ्याच्या गाभ्याची पकड इतकी घट्ट की बाहेरचे इलेक्ट्रॉन तो शेजाऱ्याला वाटून देत नाही. अणू एकमेकांना धरत नाहीत, म्हणून सगळं घरंगळत राहतं. हे मी अठरा वर्षं शिकवलं. फळ्यावर आकृती काढून, आवाज चढवून, आवडीने शिकवलं. आणि हे शिकवणाऱ्या मला माझ्या घरात काय चाललंय ते कळलं नाही.

बाबांचं नाव होतं ते मुलाम्यासाठी. आमच्याकडे देवांचे चांदीचे मुखवटे असतात, त्यांवर सोन्याचं पाणी चढवायचं जुनं काम बाबांना त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. सोन्याचा कीस पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा. तो मुखवट्यावर बोटांनी एकसारखा चोळायचा. मग मुखवटा करवंट्यांच्या निखाऱ्यावर धरून हळूहळू फिरवायचा. आधी मुखवटा राखेसारखा दिसतो. पारा वाफ होऊन उडाला की राखाडी रंगाखालून पिवळा रंग वर येतो. तो क्षण चुकला तर मुलामा बिघडतो, म्हणून बाबा तोंड अगदी जवळ नेऊन बघत बसत. आई शेजारी बसून निखाऱ्याला वारा घालायची. खोलीला एकच खिडकी होती आणि बाहेरच्या वाऱ्याने निखारा भडकू नये म्हणून ती बंद असायची. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. जळत्या करवंट्यांचा वास तेवढा मला आठवतो.

मी नववी-दहावीत असताना बाबांचे हात कापायला लागले. आधी पाण्याचा तांब्या धरताना, मग चिमटा धरतानाही. हिरड्या लाल व्हायच्या, तोंडाला वास यायचा, बोलताना लाळ सुटायची म्हणून ते तोंडावर पंचा धरून बोलायचे. चालताना कधीकधी तोल जायचा. रात्रभर जागे असायचे आणि दिवसा क्षुल्लक गोष्टीवरून आईवर खेकसायचे. मग स्वतःच गप्प व्हायचे. गिऱ्हाईक आलं की आत निघून जायचे, आई बाहेर येऊन बोलायची. पूर्वी बाजारात चार जणांत उभं राहून गप्पा मारणारा माणूस लोकांची नजर चुकवायला लागला.

बाजाराने याचा एकच अर्थ काढला. सोनार प्यायला लागला. शाळेत मुली माझ्यासमोर बोलायच्या थांबायच्या. मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हात कापतात, तोंडाला वास येतो, तोल जातो, चिडतात. माझाही हिशेब तोच झाला.

मी आईला एकदाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तुझे बाबा पियत नाय गो," ती म्हणाली. "मी तेंच्या बाजूक निजतंय. माका कळाचा नाय?"

ती त्यांना झाकतेय असं मला वाटलं. बायका झाकतातच, हे मी आजूबाजूला बघत होते.

बारावीच्या वर्षी गावच्या देवळात जत्रेआधी मुखवटे परत द्यायचे होते. बाबांनी दोन महिने ते काम केलं होतं. कसं केलं कोण जाणे, पण मुलामा नेहमीसारखाच उतरला होता. सभामंडपात गावचे मानकरी बसले होते, बायका एका बाजूला. बाबांनी फडक्यातून मुख्य मुखवटा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. हात थरथरत होते. मानकऱ्यांतले एक वडीलधारे गृहस्थ तो घ्यायला उठले, तेवढ्यात तो बाबांच्या हातून सुटला. फरशीवर पडला आणि देवाच्या नाकाला पोचा आला.

कुणी ओरडलं नाही.  ते मानकरी वाकले, त्यांनी मुखवटा उचलला, उपरण्याने पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "देवाच्या कामाक तरी न पिता येवचा."

 बाबा खाली बसले आणि रिकामं फडकं घडी करत राहिले. घडी जमत नव्हती. आई बायकांतून उठून त्यांच्याजवळ गेली, तिने फडकं घेतलं आणि घडी घातली. मी उठले नाही. मी मागच्या दाराने देवळातून बाहेर पडले आणि एकटीच घरी आले. बाबा माझे कुणी नव्हेत असं त्या वाटेवर मी स्वतःला सांगत होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मुखवट्यांचं काम बाबांकडे आलं नाही. बारीक नक्षीचं काम हातातून गेलंच होतं. मग त्यांनी हात कापले तरी चालेल असं काम धरलं. कसाल, कुडाळकडच्या सोनारांच्या दुकानांतला केर ते आणायचे. त्या केरात सोन्याचे कण असतात. केर धुऊन त्यात पारा घालायचा, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवून पारा उडवायचा. म्हणजे ज्या पाऱ्याने हात घेतले त्याच पाऱ्यापाशी ते पुन्हा जाऊन बसले, आणि पूर्वी वर्षातून काही आठवडे जे व्हायचं ते आता आठवड्याला व्हायला लागलं. मी तोवर कॉलेजला गेले होते, मग नोकरी, मग लग्न. माहेरी जायचे ती दिवसभरापुरती. बाबा आतल्या खोलीत असायचे. आम्ही एकमेकांशी जेवणाविषयी बोलायचो.

आई किडनी निकामी होऊन गेली. शेवटच्या आजारपणात तिने पुन्हा एकदा तेच सांगितलं, की तुझ्या बाबांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. मी तिचा हात धरला आणि हो म्हटलं. आजारी माणसाला म्हणतात तसं. आई गेल्यावर बाबांनी दुकान बंद केलं, सामान विकून टाकलं. ते एकटेच राहायचे आणि दुपारी त्याच पुढच्या खोलीत चटई टाकून झोपायचे, कारण ती खोली थंड.

याला चारेक वर्षं झाली असतील तेव्हा शाळांच्या प्रयोगशाळांतून पारा काढून टाकण्याविषयी आम्हा विज्ञान शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. जुने तापमापक, वायुभारमापक, पाऱ्याच्या बाटल्या गोळा करून कशा द्यायच्या हे सांगायला आरोग्य खात्याचा एक तरुण अधिकारी आला होता. मी वहीत टिपून घेत होते. फुटलेला तापमापक झाडूने झाडायचा नाही. खिडक्या उघडायच्या. पारा खोलीच्या साध्या उष्णतेलाही सावकाश उडत राहतो. मग त्याने सांगितलं की ही वाफ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर माणसाला काय होतं. हात कापतात. हिरड्या सुजतात, लाळ सुटते, तोंडाला वास येतो. झोप जाते, चिडचिड वाढते. आणि शेवटचं त्याने जरा थांबून सांगितलं, की अशी माणसं लाजरी होतात, लोकांसमोर यायला घाबरतात, कुटुंबाला वाटतं की स्वभाव बदलला.

माझं पेन वहीवरच थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा पंच्याआडचा चेहरा होता. शेजारच्या बाईंनी विचारलं की बरं वाटत नाही का. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. पारा विषारी असतो हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणत होते. पाठ होतं ते मला. पारा सगळ्यात जड, हे तर मी तोंड भरून सांगायचे. पण तो खाली बसून राहत नाही, हवेत मिसळून माणसाच्या नाकातोंडात जातो, हे माहीत असूनही मी ते आमच्या बंद खिडकीच्या खोलीत कधी नेऊन पाहिलं नव्हतं.

बाबांना घेऊन आम्ही गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. ते यायला तयार नव्हते. माझ्या नवऱ्याने त्यांची समजूत काढली. डॉक्टरांनी सगळं कामकाज विचारून घेतलं, तपासण्या लिहून दिल्या. आठवड्याने अहवाल आला तेव्हा त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि विचारलं की बाबांनी काम नक्की बंद केलंय का. मी म्हटलं, चार वर्षं झाली. ते म्हणाले, मग लघवीत अजून एवढा पारा येतोय तो कुठून? शरीरात गेलेला पारा काही महिन्यांत बराचसा बाहेर पडतो. ज्याचं काम सुटलं त्याच्या अंगात तो इतका राहत नाही. ते झोपतात कुठे? मी सांगितलं, दुकान होतं त्याच खोलीत.

आईची किडनीही पाऱ्यानेच गेली का, असं मी त्यांना विचारलं. आता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

प्रशिक्षणाला आलेला तो तरुण अधिकारी फोन केल्यावर स्वतः कट्ट्याला आला. सोबत दोन माणसं, मुखपट्ट्या, हातमोजे. बाबांना आणि मला त्याने अंगणात थांबवलं. पुढच्या खोलीतली लादी आईने माझ्या लग्नाच्या वेळी बसवून घेतली होती. त्याआधी तिथे शेणाने सारवलेली जमीन होती. शेगडीच्या जागेची लादी त्यांनी उचलली तेव्हा मी दारातून आत बघत होते. खालच्या तांबड्या मातीत, चिऱ्यांच्या फटीत, बारीक बारीक चकाकणारे थेंब होते. मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. माती हलवली की दोन थेंब एकमेकांना मिळायचे आणि आणखी खोल घरंगळायचे. बाबांच्या आणि कदाचित आजोबांच्याही हातून सांडलेला पारा तिथे जाऊन बसला होता. लादी बसवून आम्ही तो झाकला होता, पण सांध्यांतून त्याची वाफ वर येतच होती, आणि बाबा त्यावर चटई टाकून झोपत होते.

दुपारपर्यंत काम चाललं. माती डब्यांत भरून, झाकणं बंद करून ती माणसं घेऊन गेली. बाबा फणसाखालच्या खुर्चीवर बसून होते. मी जवळ गेले तर त्यांनी विचारलं, "किती गावलो?"

मी हाताने दाखवलं. त्यांनी मान डोलावली. कारागिराने माल किती निघाला ते ऐकावं तशी.

मी खाली पायरीवर बसले. त्यांना सगळं सांगितलं. हात का कापतात, झोप का येत नाही, लोकांसमोर का जाववत नव्हतं. ते ऐकत होते. म्हणाले, त्यांच्या वडिलांचेही हात असेच कापायचे. सोनाराचे हात म्हातारपणी जातातच असं त्यांना वाटत आलं होतं. आपलेच लवकर गेले, एवढंच.

मग मी म्हटलं, "बाबानू, तुमी कधी पिवक नाय, ह्या माका आता कळला."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. 

"तुझ्या आवशीक म्हायत होता," ते म्हणाले. "माका तितक्या पुरे होता."

मला तिथे रडता आलं नाही. रडायचा माझा हक्क नाही असं वाटलं. आईने मला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी तिला खोटं ठरवलं होतं. चूक कबूल करायची तर आता आई नव्हती.

देवळातले ते मानकरी अजून आहेत. नव्वदीकडे आलेत, पण डोकं शाबूत. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या सुनेने ओसरीत, लोट्यावर नेऊन बसवलं. मी कुठेही आवाज न चढवता सगळं सांगितलं. मुखवटा पडला ते, त्यावर ते स्वतः काय म्हणाले ते, आणि बाबांना खरं काय झालं होतं ते. ते कानामागे हात धरून लक्ष देऊन ऐकत होते.

"मी असा बोल्लंय?" त्यांनी विचारलं. "माका आठवत नाय गो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मुखवटा पडल्याचं आठवत होतं, नाकाचा पोचा कोल्हापूरहून काढून आणल्याचंही आठवत होतं. ते वाक्य मात्र त्यांच्याकडे नव्हतंच. ते फक्त आमच्या घरात राहिलं होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, तुझे बाबा त्यानंतर देवळात फिरकले नाहीत, ते रागाने येत नाहीत असं आम्हाला वाटायचं. मग त्यांनी सुनेला हाक मारून मला काजू बांधून द्यायला सांगितले. मी ते घेतले. दुसरं काय करणार होते, ते मला सुचलं नाही. बाबांना येऊन हे सांगितलं तर ते "बरा" एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघत बसले. ते कशाला बरं म्हणाले, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

कट्ट्याचं घर आम्ही बंद केलं आणि बाबांना मालवणला आणलं. औषधं सुरू झाली. हिरड्या बऱ्या झाल्या. तीनेक महिन्यांनी त्यांना सलग झोप लागायला लागली, आणि पहिल्यांदा ते सात वाजेपर्यंत झोपले तेव्हा मी घाबरून दोनदा दारात जाऊन आले. हात कमी कापतात, पण कापतात. पूर्ण थांबणार नाहीत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं आहे. दोन कान असलेला एक कप नवऱ्याने कुठूनतरी आणलाय, त्यातून ते स्वतः चहा पितात.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते घरात दिसले नाहीत. मी चपला घालून शोधायला निघाले. आमच्या घरापासून बंदर जवळ आहे. होड्या लागल्या होत्या, बायका टोपल्या लावून बसल्या होत्या. बाबा एका मासेवालीसमोर उभे होते. सुरमईचे डोळे बघून ती कालची आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आजची आहे असं तिचं. आजूबाजूला चार-पाच माणसं थांबून ऐकत होती. बाबांच्या तोंडावर पंचा नव्हता. ते हात हलवून बोलत होते, हात कापत होते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यांचंही नाही. मी लांबच थांबले. वाद बराच वेळ चालला. शेवटी त्यांनी सुरमई घेतली नाही, बांगडे घेतले.